पन्नास वर्षांची गाडी वारसा, पन्नास वर्षांची वस्ती अतिक्रमण!

हिवाळा सुरू झाला की नागपुरातल्या जुन्या मोटारींच्या हौशी मालकांना चेव चढतो. एखाद्या रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या सावलीतल्या रुंद रस्त्यावर या गाड्या ओळीने उभ्या राहतात. कुठे ऑस्टिन, कुठे मॉरिस, कुठे लांबलचक शेवरलेट. पितळेचे दिवे चकाकत असतात, आरशात पाहावे अशी पॉलिश असते आणि मालक डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल घालून शेजारी उभा असतो. लेकरांना घेऊन लोक बघायला जातात. आम्हीही गेलो आहोत. गाडी कोणाचीही असो, जुने यंत्र चालू राहिलेले बघायला माणसाला आवडतेच.

पण गाडीपेक्षा गाडीवाल्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. कार्बुरेटर विलायतेहून कसा मागवला, मूळ रंगाचा डबा कुठे सापडला, असले मॉडेल अख्ख्या विदर्भात किती उरले, इथून बोलणे सुरू होते. चहाचा दुसरा कप हाती येईस्तोवर गाडी वर्धा रोडला लागते. बेसा, बेलतरोडी, जामठा, खापरी. कोणी कधी किती एकर घेतले, चौरस फुटाचा भाव तेव्हा काय होता आणि आज काय आहे, समृद्धीच्या तोंडाशी कोणाचा तुकडा आहे. बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद तोच, शब्दही तेच. ‘दुर्मिळ’ गाडी आणि ‘दुर्मिळ’ प्लॉट. ‘आजोबांनी घेऊन ठेवली म्हणून बरे’ हे वाक्य गाडीलाही लागू पडते आणि जमिनीलाही.

आमच्या आजोबांनी काय घेऊन ठेवले होते? हा प्रश्न आम्ही कोणाला टोचायला विचारत नाही. हिशेब म्हणून विचारत आहोत.

जुन्या गाडीचा आणि घरजागेचा भाव एकाच कारणाने वाढतो. वस्तू वाढत नाही, पैसेवाले वाढतात. ५ मे २०२२ रोजी जर्मनीत मर्सिडीज कंपनीने १९५५ सालची एक गाडी विकली. तसल्या दोनच गाड्या बनल्या होत्या. त्यातली एक साडेतेरा कोटी युरोला गेली, म्हणजे आपल्या रुपयांत अकराशे कोटींच्या घरात! त्या पैशातून तरुणांच्या शिक्षणासाठी निधी उभारू, असे कंपनीने सांगितले, ही त्यातली बरी गोष्ट. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, १९६२ सालची एक फेरारी न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. या गाड्या कोणी कामावर जायला घेत नाही. सोने घेतात तशा त्या घेतल्या जातात. आणि नेमके तेच आता घराचे झाले आहे. ज्याला राहायचे आहे तो आणि ज्याला ठेवायचे आहे तो, दोघे एकाच बाजारात उभे केले आहेत. पगारातून हप्ता कापून घर घेणारा आमचा कारकून, शिक्षक, परिचारिका ही चौथा फ्लॅट ‘ठेव’ म्हणून घेणाऱ्याच्या बोलीपुढे कशी टिकणार?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक खाते २०१४ पासून नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे. या खात्याने जुलै २०२१ मध्ये ‘विंटेज’ गाड्यांसाठी खास नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला वेगळा मान. नोंदणीचे २० हजार रुपये, नूतनीकरणाचे ५ हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. आणि अशा गाडीला भंगारात काढण्याचे धोरण लागू नाही.

हे भंगाराचे धोरण त्याच वर्षी, १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. पंधरा वर्षे झालेले धंद्याचे वाहन आणि वीस वर्षे झालेली खासगी गाडी यांनी तपासणीत उतरावे, नाही तर भंगारात जावे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रक-बसच्या तपासणीचे शुल्क दीड हजारांवरून साडेबारा हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटरसायकलचे नूतनीकरण शुल्क १ हजारावरून २ हजार झाले आणि तीनचाकीचे साडेतीन हजारांवरून ५ हजार.

धुराचा प्रश्न खरा आहे. जुन्या डिझेलचा धूर वर्धा रोडवरच्या बंगल्यात कमी आणि कामठी रोडच्या वस्तीत जास्त जातो, हे आम्हाला कळते. तेव्हा तपासणीला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नियमातली ती ‘खासगी वापराची’ ही अट बघा. ज्या गाडीने माणसे वाहिली, भाजी वाहिली, विटा वाहिल्या, ती गाडी कधीच वारसा होऊ शकत नाही. वारसा होण्यासाठी गाडीने आयुष्यभर मालकाला मिरवलेले असले पाहिजे!

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण तर डोळ्यापुढचे आहे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईला कित्येक दशके वाहून नेले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्याच पद्मिनीचे त्याहून जुने भावंड, ज्याने कधी भाडे मारले नाही, ते एखाद्या शौकिनाच्या गॅरेजमध्ये रोज पुसले जाते आणि त्याची किंमत वाढते. लोखंड तेच, कारखाना तोच, इंजिन तेच. एक श्रमाचे होते, एक मालकीचे होते. जातीव्यवस्थेने माणसांची जी वाटणी केली, तिचा वास लोखंडालाही लागतो की काय, असे कधी कधी आम्हाला वाटते.

गाडीचे हे जे झाले, तेच वस्तीचे झाले आहे.

गाडीवाल्याने काय सिद्ध करायचे? पन्नास वर्षे. एक कागद, एक तारीख. आमच्या वस्तीने काय सिद्ध करायचे? आधी सरकार म्हणाले, १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी दाखवा. मग १ जानेवारी २००० झाले. मग त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना पैसे भरून घर. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात १ जानेवारी २००१ ही तारीख होती, ती २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० केली. आणि विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला, त्यात १२ डिसेंबर १९९६ ही आणखी एक तारीख. ही जमीन जंगलच समजायची, त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्यांसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची, त्यानंतरच्यांचे वेगळे. झुडपी जंगल हे नुसते नाव. नागपुरात अशा जमिनीवर शाळा, रस्ते, सरकारी कचेऱ्या उभ्या आहेत आणि गरिबांची घरेही आहेत. शाळेला आणि कचेरीला कोणी रेशनकार्ड मागत नाही.

ज्या वस्त्यांत आमच्या तीन पिढ्या जन्मल्या, ज्या वस्त्यांतून १९५६ च्या दसऱ्याला पांढरी वस्त्रे नेसून माणसे दीक्षाभूमीकडे निघाली, त्यातल्या कित्येक घरांना आज मालकीचा कागद नाही. सिव्हिल लाइन्सच्या रांगेतल्या निम्म्या गाड्यांहून त्या वस्त्या जुन्या आहेत! पण जुने असणे हा त्यांचा मान ठरत नाही. ते त्यांच्यावरचे बालंट ठरते. बंगला जुना झाला की ‘हेरिटेज’, झोपडी जुनी झाली की ‘जुने अतिक्रमण’.

गेल्या काही वर्षांत मालकी हक्काच्या पट्टेवाटपाचे कार्यक्रम नागपुरात झाले. फोटो छापून आले. ज्यांना पट्टा मिळाला त्यांचे आम्ही अभिनंदन करतो, कारण तो भीक म्हणून आलेला नाही. त्यामागे मोर्चे आहेत. पण सुधार प्रन्यासची जमीन, महापालिकेची जमीन, नझूल, रेल्वेची जमीन, खासगी मालकाची जमीन, झुडपी जंगल असे एकाच वस्तीचे सहा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा नियम वेगळा. एका गल्लीत डाव्या हाताला पट्टा मिळतो, उजव्या हाताला नोटीस. समाजाच्या एकीला सुरुंग लावायचा याहून स्वस्त उपाय नाही.

पण सगळीच माणसे झोपडीत राहिली नाहीत. एम्प्रेस मिलचा कामगार, रेल्वेचा खलाशी, कामठीच्या विडी कारखान्यातली बाई, यांनी पोटाला चिमटा घेऊन किस्तीवर प्लॉट घेतले. ही नागपूरची खास कथा आहे आणि ती कोणी नीट लिहिलेली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मालगुजाराची सत्ता गेली, पण घरखेडीची जमीन, सीर आणि खुदकाश्त, त्याच्याकडे राहिली. शहर वाढत गेले तशी ती शेती प्लॉट पाडून विकली गेली. अकृषक परवाना नाही, नकाशा मंजूर नाही, रस्ता कागदावर. नारी, नारा, वांजरा, चिखलीकडचे असे प्लॉट ज्यांनी घेतले त्यांच्या हाती एक इसारपत्र आणि पावत्यांचा गठ्ठा. नंतर ही सगळी ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आउटे म्हणून सुधार प्रन्यासच्या दप्तरात चढली. मग डिमांड भरा, मग आर. एल. घ्या. नागपुरात आर. एल. म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. नियमितीकरणाचे ते पत्र हाती आले तर बँक कर्ज देते, नाही तर देत नाही. विकास शुल्क भरायला पैसे नव्हते म्हणून, किंवा मूळ पावतीवरचे नाव बापाचे आणि बाप वारलेला म्हणून, कितीतरी घरे आजही आर. एल. वाचून आहेत. भाव वाढला, पण तो भाव त्यांना मिळत नाही. विनाकागदाच्या घराला दलाल अर्धी किंमत सांगतो आणि तीच जागा नंतर कागद करून पूर्ण किंमतीला विकतो. भाववाढीचा नफा कोणाच्या घरी जातो, हे यात आले.

आणि हा भाव वाढवला कोणी? मालकाने काही केले काय? मिहानसाठी २००२ मध्ये विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही इथल्या जमिनी सरकारने घेतल्या. मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. मेट्रो पहिली गेली कुठे? खापरीला, मार्च २०१९ मध्ये. इंदोरा, नारी रोड आणि ऑटोमोटिव्ह चौकाला ती पोहोचली ११ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे पावणेचार वर्षांनी. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ ला तो सगळा ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. हा सगळा पैसा जनतेचा. त्यात बिडी ओढणाऱ्याचा कर आहे, साबण विकत घेणारीचा कर आहे. त्या पैशाने ज्यांच्या जमिनीचे सोने झाले त्यांच्याकडून सरकारने काय वसूल केले? उलट १ एप्रिल २०२२ पासून नागपुरात घर घेणाऱ्याकडून मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो उपकर घेतात. म्हणजे मेट्रोमुळे वाढलेला भावही घर घेणाऱ्यानेच द्यायचा आणि मेट्रोचा करही त्यानेच द्यायचा! तीन वर्षांच्या खंडानंतर १ एप्रिल २०२५ पासून रेडीरेकनरचे दरही वाढले. हे सगळे ओझे पहिले घर घेणाऱ्याच्या डोक्यावर. आजोबांनी घेऊन ठेवलेल्याला यातले काही लागत नाही.

एम्प्रेस मिलचे नाव वर आले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, १९८६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, २००२ मध्ये ती बंद झाली. आमच्या हजारो माणसांचे हातपाय त्या मिलने झिजवले. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला, हे आपण जाणतो. कमी पगार म्हणजे कमी बचत, कमी बचत म्हणजे छोटा प्लॉट, छोटा प्लॉट म्हणजे पुढच्या पिढीला कमी वारसा. जातीचे व्याज असे चढत जाते. आज त्या मिलच्या जागेवर मॉल आहे. ज्याच्या आज्याने तिथे सूत कातले, तो नातू तिथे आता पाळीवर सुरक्षारक्षक म्हणून उभा असेल तर नवल नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातले जे अपमान लिहून ठेवले, त्यात वाहन आणि घर पुन्हा पुन्हा येते. १९०१ मध्ये लहानगा भीमराव भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरला. बापाला भेटायला कोरेगावला जायचे होते. गाडीवान विटाळाच्या भीतीने गाडीत बसायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, या बोलीवर बैलगाडी निघाली. १९१७ मध्ये बडोद्यात परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या याच माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले. मित्रांची दारे बंद. दिवसभर बागेत बसून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आणि २३ ऑक्टोबर १९२९ ला चाळीसगावला टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला, म्हणून वस्तीतल्या माणसानेच टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. घोडा उधळला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. तेव्हा ते मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर होते.

पैसे नव्हते म्हणून यातले काही घडले नाही. कोरेगावला दुप्पट भाडे दिलेच होते. बाजारात पैसा फेकला की वस्तू मिळते, हा नियम आमच्यासाठी कधी पुरा लागू झालाच नाही. आज तरी झाला काय? प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार कसा मिळतो, कोणत्या जादा अटी घालतात, ते त्यात आहे. नागपुरात अभ्यास करायची गरज नाही. मेश्राम, वासनिक, गजभिये, रामटेके, एवढे आडनाव फोनवर सांगा आणि मघाशी रिकामी असलेली खोली पाच मिनिटांत ‘आत्ताच गेली’ असे ऐका. सोसायट्यांचे बघाल तर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगून ठेवले आहे, की आपल्याच समाजाचे सभासद घेण्याचा नियम सहकारी संस्था करू शकते. त्या निकालाचा आडोसा घेऊन कोण कोण कुंपणे घालतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या समाजातल्या नोकरदारांशी दोन शब्द बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची जी व्यथा बोलून दाखवली, ती आपण दर १४ एप्रिलला आठवतो आणि १५ एप्रिलला विसरतो. आमच्या अधिकाऱ्याने मनीषनगरात फ्लॅट घ्यावा, चांगली गाडी घ्यावी, यात काही वावगे नाही. उलट आम्हाला आनंदच होतो. काचेवर निळे चक्र असलेली मोटार वर्धा रोडवर धावताना बघून कोरेगावच्या बैलगाडीची आठवण येते आणि छाती भरून येते. पण इंदोऱ्यातले बापाचे घर याच अधिकाऱ्याने कागद न करता दलालाला टाकून दिले, भावाच्या हिश्शाचा निकाल लावला नाही, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आर. एल.चा अर्ज भरून दिला नाही. ज्याला दप्तराची भाषा येते तोच दप्तराकडे पाठ फिरवतो, मग दलाल पुढे येतो. दोष दलालाला देऊन चालत नाही.

सरकारी योजना आहेत, नाही असे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. शहरात अडीच लाख रुपये, २६९ चौरस फुटांचे घर. माता रमाईचे नाव दिले, आनंद आहे. पण अट कोणती? जागा तुमची हवी! नागपुरात जागा असती तर घर आम्ही अडीच लाखांसाठी अडवून ठेवले असते काय? प्रधानमंत्री आवास योजना २५ जून २०१५ ला आली, २०२२ पर्यंत सर्वांना घर म्हणाली. आपल्या जागेवर घर बांधणाऱ्यासाठी तिथेही तीच अट. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांना ११ टक्के आहेत, ते भरले जातात की उत्पन्नाच्या आणि किमतीच्या जात्यात भरडून रिकामे सोडले जातात, हे दरवेळी विचारायला हवे. मोठ्या शहरांत ४ हजार चौरस मीटरवरच्या गृहप्रकल्पात २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम २०१३ पासून आहे. वर्धा रोडवरच्या टोलेजंग संकुलांत ती २० टक्के घरे कुठे आहेत, कोणत्या मजल्यावर, कोणाच्या नावावर? आमच्या नगरसेवकांपैकी किती जणांनी माहितीच्या अधिकारात हा प्रश्न टाकला?

आणि मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांची जुनी योजना, पी. डब्ल्यू. आर. २१९. सरकारी जमीन, सरकारी मदत आणि सभासद बहुसंख्येने मागासवर्गीय. मुंबईत या योजनेतल्या जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा पुनर्विकासाच्या नावाखाली बिल्डर शिरले. कागदावर सभासद आमचा आणि फ्लॅटमध्ये राहणारा तिसराच. सहकाराचे हत्यार आम्ही वापरले नाही आणि वापरले तिथे राखले नाही. हे कडू आहे, पण खरे आहे.

दीक्षाभूमीच्या पार्किंगचे प्रकरण आठवा. सुशोभीकरणाच्या नावाने तिथे भूमिगत वाहनतळ खोदायला घेतला. स्तूपाला धोका होईल म्हणून जनतेने आधी निवेदने दिली, कोणी ऐकले नाही. १ जुलै २०२४ रोजी आंबेडकरी जनता तिथे घुसली आणि काम बंद पाडले. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांना विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. दीक्षाभूमीवर येणारा माणूस येतो कशाने? रेल्वेने, एस. टी.ने, ट्रॅक्टरने आणि पायी. खांद्यावर लेकरू आणि हातात पिशवी. त्याला उतरायला जागा, प्यायला पाणी आणि रात्री आडवे व्हायला निवारा हवा. कोणाच्या मोटारीसाठी तो खड्डा खोदला जात होता? दीक्षाभूमीच्या चारी बाजूंना रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर, नागपुरातली सर्वांत महागडी जमीन. त्या भागातल्या बाजाराची नजर आमच्या मैदानाकडे गेली नसती तरच आश्चर्य. १९५६ मध्ये ज्या माणसांनी त्या मोकळ्या मैदानावर मांडव घातला, त्यांना चौरस फुटाचा भाव माहीत नव्हता. त्यांना जागेचे मोल माहीत होते.

वारसा जपायचा म्हणता तर चिचोलीला जा. नागपूरपासून थोड्याच अंतरावर, काटोल रोडला. वामनराव गोडबोल्यांच्या धडपडीने आणि नानकचंद रत्तूंच्या विश्वासाने बाबासाहेबांचा टाइपरायटर, कोट, रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आल्या. त्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून समाजाला किती वर्षे ओरडावे लागले! लंडनचे घरही तसेच. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले, तेही चळवळीने रेटा लावल्यावर. आमच्या स्मृतीला भाव आहे, पण तो बाजाराने ठरवून नंतर सरकारने मोजावा लागतो. शौकिनाच्या गाडीला मात्र साहेब आपसूक सलाम करतो.

आता करायचे काय, हा प्रश्न वाचक विचारणारच. मोर्चे काढायचे ते काढूच. जागेसकट घरकुल द्या, रेल्वे व झुडपी जंगलाच्या जमिनीवरच्या जुन्या वस्त्यांची मंजुरी केंद्राकडून आणा, २० टक्के घरांची यादी जाहीर करा, या मागण्या प्रत्येक पक्षापुढे ठेवू. पण त्याआधी प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक टेबल मांडा. वस्तीतला एक वकील, एक तलाठी किंवा निवृत्त कारकून आणि दोन कॉलेजची मुले बसवा. घरोघरच्या लोखंडी पेट्या उघडायला लावा. किस्तीच्या पावत्या, इसारपत्र, डिमांडची नोट, जुन्या घरटॅक्सची पावती, पहिले वीजबिल, १९९५ आणि २००० च्या मतदारयादीचा उतारा, मिलचे ओळखपत्र, वारसाचा दाखला. जे फाटले असेल त्याची नक्कल काढा, जे हरवले असेल त्यासाठी अर्ज करा, ज्याच्या नावावर आहे तो हयात नसेल तर वारसांची नावे चढवा. बाईचे नाव आधी चढवा, कारण मुद्रांकात तिला एक टक्का सवलत आहे आणि दारू पिऊन घर विकणारा नवराही त्यामुळे आवरतो. ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एका विहारात गेल्या पावसाळ्यात असे टेबल मांडले गेले होते. पहिल्या रविवारी सात जण आले. चौथ्या रविवारी रांग दाराबाहेर गेली आणि रांगेतल्या एका आजीच्या पिशवीत १९६८ सालची, पंधरा रुपयांची, प्लॉटच्या पहिल्या किस्तीची पावती निघाली.